पाण्यातून तो वर आलाच नाही : ‘जॅपनीज स्टोरी’ आणि बिथरलेला प्रेक्षक

ज्यांना हा सिनेमा कोऱ्या मनाने पाहायचा आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं. एरवी मी शेवट फोडणाऱ्यांवर डाफरते. पण इथे सगळा वाद एका उडीचा आहे आणि ती उडी झाकून ठेवली तर लिहिण्यासारखं काही उरत नाही.

आधी सिनेमाची थोडक्यात ओळख. ‘जॅपनीज स्टोरी’ हा २००३चा ऑस्ट्रेलियन सिनेमा. दिग्दर्शन सू ब्रुक्सचं, पटकथा अ‍ॅलिसन टिल्सनची, निर्मिती सू मॅस्लिनची. या तिघींनी १९९७मध्ये ‘रोड टू निल’ हा छोटा सिनेमा एकत्र केला होता. या वेळी हाताशी टोनी कोलेट होती. ‘म्युरिएल्स वेडिंग’मुळे घराघरांत पोचलेली आणि ‘द सिक्स्थ सेन्स’साठी ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेली. तरी खर्च ऑस्ट्रेलियन ६० लाख डॉलरच्या आतच राहिला. हॉलिवूडच्या हिशेबात ही खुर्दा रक्कम. पडद्यावर बहुतेक वेळ दोनच माणसं, एक फोर व्हील ड्राइव्ह आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबाराची लाल माती.

सँडी ही पर्थची भूगर्भशास्त्रज्ञ. एका भागीदाराबरोबर तिचा खाणउद्योगासाठी सॉफ्टवेअर बनवण्याचा धंदा आहे. जपानहून हिरोमित्सू नावाचा उद्योगपतीचा मुलगा येतो. त्याला खाणी दाखवत फिरवायचं काम तिच्या गळ्यात पडतं, कारण सॉफ्टवेअर विकायचं आहे. ती वैतागलेली, तो तिला ड्रायव्हर समजून मागे सामान ठेवायची वाट पाहत उभा. पुढे त्याच्याच हट्टाने गाडी वाळवंटात आत आत जाते आणि वाळूत रुतते. मदतीला फोन करू द्यायला तो तयार नाही, कारण त्यात त्याची नाचक्की. थंडीत रात्र निघते, दुसऱ्या दिवशी दोघं मिळून गाडी बाहेर काढतात आणि तिथून सूर बदलतो. मग मोटेलातली खोली. तिथे सँडी त्याची पँट स्वतः चढवते आणि मग त्याच्याजवळ जाते. हे दृश्य ज्यांनी पाहिलंय ते विसरलेले नाहीत. कोण कोणाकडे जातंय आणि कोण नुसतं पडून राहिलंय, हा उलटा हिशेब त्या एका पँटीत आहे.

मग एक पाणवठा. लख्ख दुपार, खडकांमधलं गार पाणी, दोघं मजेत. तो धावत येतो, सूर मारतो. आणि वर येत नाही.

इथवर सिनेमा तासाभराचा झालेला असतो. अजून बराच उरलेला असतो. त्या उरलेल्या भागाचं प्रेक्षकाने काय करायचं, हेच हे प्रकरण.

*

सिनेमा मे २००३मध्ये कान महोत्सवात ‘अन सर्तें रगार’ विभागात दाखवला गेला आणि सप्टेंबरात ऑस्ट्रेलियात लागला. त्या वर्षी ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचे आठ पुरस्कार त्याने नेले, त्यांत सर्वोत्कृष्ट सिनेमा, दिग्दर्शन, पटकथा आणि अभिनेत्री. म्हणजे जाणकारांनी डोक्यावर घेतला. देशातल्या तिकीटखिडकीवर सुमारे ४५ लाख डॉलर जमले. एवढ्या शांत सिनेमासाठी हा आकडा वाईट मुळीच नाही. पण थिएटरवाल्याचा वाटा वजा केला की घातलेले पैसे त्यात निघत नाहीत, हेही खरं.

साध्या प्रेक्षकांत मात्र सरळ तट पडले. ‘आमची फसवणूक झाली’ असं म्हणणारे एकीकडे, ‘हे असंच होतं’ म्हणणारे दुसरीकडे. पहिल्यांचं म्हणणं समजायला अवघड नाही. जाहिरातीत काय दिसतं? लाल रस्ता, निळं आभाळ, एकमेकांना न कळणारी दोन माणसं. आपल्या डोक्यातला साचा लगेच बाकीचं भरून काढतो: आधी भांडतील, मग अडकतील, मग प्रेमात पडतील, त्याला बायको आहे हे कळेल, रडारड होईल, विमानतळावर निरोप होईल. गंमत म्हणजे यातलं जवळपास सगळं होतं. विमानतळावरचा निरोपसुद्धा होतो. फक्त निरोप घेणाऱ्यांपैकी एक जण पेटीत असतो.

विकणाऱ्यांची पंचाईत उघड आहे. खरं सांगावं तर सिनेमाचं हृदयच काढून दिलं. न सांगावं तर शनिवारी रात्री जोडीने आलेला माणूस चिडून बाहेर पडणार. परीक्षण लिहिणाऱ्यांचीही तीच गोची. निम्मा सिनेमा झाकून त्याच्याबद्दल लिहायचं कसं? परिणामी ‘अनपेक्षित वळण’ असे शब्द वापरले गेले, आणि त्यातून एक नवाच घोटाळा झाला. वळण म्हटलं की लोक रहस्याची वाट बघतात. इथे रहस्य कसलंच नाही. माणूस पाण्यात पडला आणि मेला.

*

हा सिनेमा मी तीनदा पाहिला. पहिल्यांदा एकटीने. दुसऱ्यांदा मेलबर्नमध्ये आमच्या घरी, आठ जणांत. मुद्दाम प्रयोग म्हणून काही केलं नव्हतं, पण त्या संध्याकाळी जे झालं ते या प्रकरणातलं माझं सगळ्यात जवळचं निरीक्षण आहे.

आम्ही नवराबायको, नवऱ्याच्या कामावरचं एक जोडपं, बाजूचे ऑस्ट्रेलियन शेजारी-शेजारीण, एक विद्यार्थी, आणि साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या नवऱ्याच्या मावशी. त्या जोडप्यातल्या बाईंना शेवट आधीच माहीत होता. शेजाऱ्याने सिनेमा लागला तेव्हाच पाहिलेला. मी सोडून बाकीचे कोरे.

पहिल्या अर्ध्या तासात विद्यार्थी कंटाळला. त्याला सँडी आवडेना. “हिचा प्रॉब्लेम काय आहे?” असं तो दोनदा म्हणाला. ही तक्रार मी नंतरही पुष्कळांकडून ऐकली: नायिका उद्धट, नायक लाकडी, आणि प्रेम आलं कुठून? मला ती निम्मी पटते. वाळूतली रात्र ते मोटेलची खोली हा प्रवास सिनेमा फार झरझर उरकतो. दोघांत बोलणं कमी आणि जे आहे ते तुटक इंग्रजीत. पण कोलेटचा चेहरा बघत बसलं तर अडत नाही. बघायचं ठरवलं नाही तर मात्र हाती काही लागत नाही.

पाणवठा आला तेव्हा माझा नवरा चहा टाकायला उठला होता. त्याचा दोष नाही. उन्हातलं पाणी आणि दोन सुखी माणसं दिसली की आपल्याकडे लोक उठतातच, गाणं समजून. परत आला तेव्हा सँडी एकटी पडद्यावर. त्याने ट्रे ठेवता ठेवता विचारलं, “भांडले का?” कोणी उत्तर दिलं नाही.

हे मला फार बोलकं वाटतं. सिनेमा त्या क्षणाला अधोरेखित करत नाही. उडी मारल्यावर पाण्याखाली काय झालं ते आपल्याला दिसत नाही. आपण सँडीबरोबर काठाशी थांबतो. आधी ती हसते, मग वाट बघते, मग शोधते. डोळ्यांसमोर घडूनही खोलीतल्या निम्म्या लोकांना ते कळायला सँडीइतकाच वेळ लागला. विद्यार्थी म्हणाला, “आता उठेल बघा.” तो उठेल असं त्याला पुढची पाच मिनिटं वाटत होतं. सँडी ते प्रेत ओढत गाडीशी नेते, उचलायचा प्रयत्न करते, ते निसटतं, पुन्हा उचलते. माणूस मेल्यावर किती जड होतो हे सिनेमे सहसा दाखवत नाहीत. खांद्यावर टाकतात आणि चालू लागतात. इथे ते जडपण दाखवायला वेळ दिला आहे, आणि ज्यांची चिडचिड होते त्यांची इथेच सर्वांत जास्त होते.

आणि त्या चिडचिडीच्या मधोमध मावशी म्हणाल्या, “त्याच्या बायकोला कोण कळवणार गं?”

मावशींना इंग्रजी बेताचं. सबटायटलंही त्या वाचत नव्हत्या. आधीच्या प्रसंगात पाकिटातला फोटो तेवढा त्यांनी बरोबर हेरला होता. बाकी सगळे अजून प्रेमकथेत अडकलेले असताना त्या एकट्याच पुढच्या कामाला लागल्या होत्या. आणि सिनेमाही नेमका तिकडेच जातो. शेवटचा भाग जवळजवळ सगळा त्या प्रश्नाचं उत्तर आहे. गावात प्रेत घेऊन जाणं. भागीदाराने फोन करणं. बोलावं की नाही हे न कळून हॉटेलात ताटकळणारे लोक. जपानहून येणारी बायको. तिच्यासमोर ‘मी तुमच्या नवऱ्याची कोण’ हे न सांगता उभी राहणारी सँडी.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला हे फार ओळखीचं आहे. इथे कोणी अचानक गेलं की कोणी ना कोणी वही-पेन घेऊन बसतं. अपघाती मृत्यू असेल तर कोरोनरकडून, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडून, शवाची सुटका होईपर्यंत थांबायचं, मग मृत्यूचा दाखला, शव टिकवून ठेवल्याचं प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट, वकिलातीचं ना-हरकत पत्र, विमानाची जागा. आणि गावाकडे फोन. तो फोन कोण करणार यावरून तीन-चार माणसं एकमेकांकडे बघत बसतात. कामावरच्या जोडप्यातल्या बाईंनी हे दोनदा केलेलं आहे. शेवट माहीत असूनही त्या रात्री सगळ्यात जास्त त्याच रडल्या. रडल्या त्या हॉटेलातल्या प्रसंगाला. पाणवठ्याला त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

म्हणून ‘दुसरा भाग रेंगाळतो’ या सगळ्यात जास्त ऐकू येणाऱ्या तक्रारीवर माझं म्हणणं आहे. रेंगाळतो खरा. पण ज्यांच्यावर हे काम कधी पडलंय त्यांना तो रेंगाळलेला वाटत नाही. त्यांना वाटतं, अरे, अजून हे राहिलं, अजून ते राहिलं.

*

शेवट माहीत असण्याने काय फरक पडतो, हेही त्या रात्री दिसलं. ज्या बाईंना माहीत होतं त्यांनी सुरुवातीलाच एक गोष्ट पकडली, जी आम्ही सोडून दिली होती. सँडीची आई निधनवार्ता जमवते. ओळखीतलं कोण गेलं, त्याच्या कात्रणांची वही आहे तिच्याकडे. पहिल्यांदा बघताना वाटतं, म्हातारीचा वेडगळपणा, हसून सोडून द्यायचा. सँडीही वैतागते. म्हणजे सिनेमाने पहिल्या काही मिनिटांतच सांगून ठेवलं होतं की ही वही येणार आहे. आपण ती विनोदाच्या खात्यात टाकली. तेव्हा ‘फसवणूक’ हा शब्द मला मान्य नाही. जाहिरातीने फसवलं म्हणा हवं तर. सिनेमाने सूचना दिली होती.

*

आता त्या तक्रारीकडे येते जी मला झटकून टाकता येत नाही.

पडद्यावर आशियाई पुरुष प्रेमात पडण्यासारखा, हवाहवासा दिसतो हे २००३मध्ये इंग्रजी सिनेमात दुर्मीळच होतं. सँडी त्याच्याकडे ज्या नजरेने बघते त्या नजरेने कॅमेराही बघतो. याचं कौतुक झालं आणि व्हायलाच हवं होतं. पण मग त्याला मारलं. उरलेला वेळ गोऱ्या बाईच्या दुःखाचा, तिच्या शहाणं होण्याचा. त्याची बायको येते, अदबीने वाकते, त्याने लिहिलेलं पत्र सँडीच्या हाती देते आणि जाते. तिचं दुःख आपल्याला बंद दाराबाहेरून दिसतं. म्हणजे सिनेमाचं नाव जपानी गोष्ट आणि गोष्ट मात्र पर्थच्या सँडीची. हा आक्षेप घेणारे म्हणतात की तो माणूस तिच्या वाढीसाठी खर्ची घातला.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. विद्यार्थ्याने ते बोलून दाखवलं, “म्हणजे आपल्यातला कोणी असता तरी मेलाच असता.” ‘आपल्यातला’ म्हणजे जपानीसुद्धा, हे ऐकून मावशी चक्रावल्या. पण त्याचा मुद्दा खरा आहे. माझा बचाव एवढाच की बायकोचं दुःख बाहेरून दाखवणं ही सिनेमाची चूक आहे तसा प्रामाणिकपणाही आहे. सँडीला त्या दाराआत जायचा हक्क नाही आणि आपण सँडीबरोबर आहोत. बचाव पुरा पडतो का? मला वाटतं, पुरता नाही.

दुसरं एक गाळलेलं पान आहे, त्यावर त्या संध्याकाळी कोणीच बोललं नाही, मीही नाही. पिलबारा रिकामा दाखवलाय. मैलोन्‌मैल कोणी नाही, त्या रिकामपणानेच हिरोमित्सू भारावतो आणि घाबरतो. पण ती भूमी रिकामी नाही. करियारा, न्यामल, नार्लुमा, यिंजिबार्न्डी, बंजिमा अशा कितीतरी लोकांची ती आहे आणि तिथल्या पाणवठ्यांना त्यांच्या लेखी फार मोल आहे. त्या दोघांनी कोणाच्या पाण्यात उडी मारली, हा प्रश्न सिनेमा विचारत नाही.

*

शेजाऱ्याची प्रतिक्रिया यांत कुठेच बसत नाही, म्हणून वेगळी सांगते. ते सत्तरीचे. त्यांना प्रेमकथेत रस नव्हता, मृत्यूचंही विशेष वाटलं नाही. ते थांबले होते नावेच्या प्रसंगासाठी. एक म्हातारा ऑस्ट्रेलियन त्या दोघांना नावेतून फिरवतो आणि वल्ही मारता मारता सहज म्हणतो की युद्धात आम्हाला वाटायचं तुम्ही लोक येणार, आणि आता तर हे सगळं तुमच्याच मालकीचं आहे. सँडी अवघडते. हिरोमित्सू शांत. शेजारी एकटेच खदखदून हसले.

त्या हसण्यामागे इतिहास आहे. फेब्रुवारी १९४२मध्ये डार्विनवर जपानी बॉम्ब पडले, मार्चमध्ये ब्रूमवर, जुलैत पोर्ट हेडलंडवर. त्याच्याही आधी, १९३८मध्ये, ऑस्ट्रेलियाने लोहखनिजाच्या निर्यातीवर बंदी घातली होती. ती १९६०मध्ये शिथिल झाली आणि पुढच्या काही वर्षांत पिलबाराच्या खाणी, रेल्वे, बंदरं उभी राहिली ती मुख्यतः जपानी पोलाद कारखान्यांच्या दीर्घ मुदतीच्या करारांवर. जिथे बॉम्ब टाकले त्याच पोर्ट हेडलंडमधून वीस-पंचवीस वर्षांनी जपानला खनिज जाऊ लागलं. सँडीची वैतागलेली अदब आणि भागीदाराची लगबग याच्यातूनच येते. गिऱ्हाईक आहे तो.

गोव्यातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मुरगावातून जपानला लोहखनिज जाऊ लागलं ते १९५०च्या दशकात, पोर्तुगीज अमलातच. लाल धूळ, ट्रकांची रांग आणि खरेदीदाराचा माणूस आला की होणारी धावपळ, हे चित्र डिचोली-सांग्याकडे कोणालाही ओळखीचं वाटेल. आपल्या भाषेत त्यावर अशी प्रेमकथा कोणी का केली नाही, हे कोडं मला अधूनमधून पडतं. पण तो वेगळा विषय.

शेजारीणबाई मात्र एका वेगळ्याच गोष्टीवर रागावल्या होत्या. “अनोळखी पाण्यात डोकं खाली करून उडी मारायची नाही, हे तिने त्याला सांगायला नको का?” इथल्या पोरांना हे पोहायला शिकवतानाच शिकवतात: आधी खोली बघा, मगच. त्यांच्या दृष्टीने ही शोकांतिका नव्हती, हलगर्जीपणा होता. मी आधी हसले. नंतर लक्षात आलं की सँडीला सिनेमाच्या उरलेल्या भागात आतून खात असणार ते हेच. तिने त्याला गाडी रुतल्यावर काय करायचं ते सांगितलं, थंडीचं सांगितलं असेल. पाण्याचं सांगायचं राहिलं, कारण तिच्या लेखी ते सांगण्यासारखं नव्हतंच, सगळ्यांना ठाऊक असतंच. दोन देशांतलं अंतर दाखवायला सिनेमाने पहिल्या तासात व्हिजिटिंग कार्डं, वाकणं, गाणी, दारू असं काय काय वापरलं. खरं अंतर निघालं ते या न सांगितलेल्या एका वाक्याचं.

*

तिसऱ्यांदा पाहिला तो मावशी परत गेल्यावर, नवऱ्याबरोबर, कारण त्याची उडी हुकली होती. या वेळी तो हलला नाही. पाणवठा येऊन गेला, प्रेत गाडीत चढलं, बायको आली. पत्राशी मी रडले, तो नाही. सिनेमा संपल्यावर म्हणाला, “चहाला उठलो होतो तेच बरं होतं. तेव्हा मला वाटलं होतं ते भांडून गेलेत.”

मावशींना फोनवर सांगितलं तर त्यांनी विचारलं, “ती पेटी पोचली का गं घरी नीट? ते दाखवलं का?”

दाखवलेलं नाही. विमान निघतं आणि सँडी इकडेच राहते.